पिंगुळी : लोकसहभागी वारसा पर्यटन

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळ तालुक्यातील पिंगुळी गावी ठाकर समाजाने आपल्या पिढीजात लोककलांच्या बळावर रुजवलेले पर्यटन. गावाच्या गुढीपूर वाडीत चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या व चामड्याच्या छायाबाहुल्या या कला आजही नांदतात. त्यांपैकी चित्रकथीने गावाला नाव मिळवून दिले.

चित्रकथी म्हणजे चित्रे दाखवत कथा गाणारा. पुढे हाच शब्द चित्रांनाही लागला. तिसरा सोमेश्वर या चालुक्य राजाच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात चित्रकथकाचा उल्लेख आहे. त्यावरून पिंगुळीची परंपरा थेट त्या काळात नेण्याचा प्रघात पडला. मात्र ग्रंथातील चित्रकथक आणि कोकणातील ठाकर यांना जोडणारा सलग पुरावा नसल्याने हा उल्लेख प्रकाराच्या प्राचीनतेपुरता मानणे इष्ट. उपलब्ध चित्रे बहुधा अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील असावीत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत तशी चित्रे दीर्घकाळ ‘पैठण शैली’ म्हणून ओळखली गेली. पिंगुळीच्या घरांतील पोथ्यांशी, म्हणजे चित्रांच्या गठ्ठ्यांशी, त्यांचे विषय, चेहरेपट्टी व मोठे डोळे इतके जुळतात की, ‘पैठण’ हे घडणीपेक्षा संकलनाचे ठिकाण असावे हे मत अधिक ग्राह्य वाटते. सावंतवाडीच्या भोसले संस्थानाचा या कलेला आश्रय होता.

एका आख्यानाच्या सुट्या चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. एक सांगून झाले की पान उलटायचे. आरंभी गणपती व सरस्वती, मग रामायण-महाभारतातील प्रसंग. गायकाच्या हाती वीणा, साथीला हुडुक हे लहान चर्मवाद्य व टाळ. पोथी ही पूजेची वस्तू. ती घराबाहेर जाणे म्हणजे त्या घराचे आख्यानच जाणे. जुन्या चित्रांपैकी बरीच संग्राहकांकडे गेली, ही या कलेची मोठी हानी होय.

सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, पण पाहुण्यांचा ओघ मुख्यतः किनाऱ्याकडे राहिला. गुढीपुरात ठाकर समाजातील कलावंत परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्याचे रूपांतर ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ या संग्रहालयात केले. त्यांना 2021 चा पद्मश्री सन्मान जाहीर झाला. येथे वस्तू दाखवणारा, कथा गाणारा आणि बाहुली नाचवणारा एकाच घरातला असतो, हे या प्रयोगाचे खरे मोल. ज्यांचा वारसा, तेच यजमान. पोथी कोणापुढे उघडायची, हेही तेच ठरवतात. पाहुण्यांसाठी आख्यान आटोपशीर करावे लागते, तरी त्या निमित्ताने घरातली मुले पदे पाठ करतात आणि नवी चित्रे रंगवली जातात. देवळात नवरात्रात होणारे कथन मात्र यापेक्षा वेगळे. ते देवतेच्या सेवेसाठी असते.