बसण्याच्या जागेची खाज

हाताला पुरळ आलं तर माणूस चारचौघांत दाखवतो. नितंबांवर चट्टा उठला की मात्र घरात सापडेल ते मलम गुपचूप चोपडतो आणि महिनोन्महिने कुणाला सांगत नाही. या संकोचापायी साधा त्वचादाहही चिघळतो.

निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, सामू (pH, जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारण 4.5 ते 5.5. याच आम्लतेवर वरच्या थरातल्या स्निग्ध पदार्थांची बांधणी टिकते. नितंबांवर आपण तासन्‌तास बसतो. घाम सुकत नाही, कापड घासत राहतं आणि भिजलेली त्वचा सैल पडते. लंगोटातल्या बाळाचे किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे हाल याहून जास्त. लघवीतल्या युरियापासून जिवाणू अमोनिया तयार करतात, आम्लता घटते आणि त्यामुळे विष्ठेतली पाचक विकरं (एन्झाइम) जोमाने कामाला लागतात. जी विकरं अन्नातली प्रथिनं आणि मेद फोडतात, तीच मग त्वचेवर चालतात.

खसाखसा साबण लावणं चुकीचं ठरतं ते यामुळेच. नेहमीच्या साबणाचा सामू 9-10 च्या घरात असतो, म्हणजे अमोनियाने केलेली हानी साबण पुढे नेतो. कोमट पाण्याने हलकेच धुवावं, टिपून कोरडं करावं आणि झिंक ऑक्साइडचं मलम किंवा पेट्रोलियम जेली जाडसर लावावी. पुढच्या वेळी फक्त मळलेला थर पुसावा. सगळं मलम खरवडून काढताना त्वचाही सोलवटते.

मोठ्या माणसांत ॲलर्जीचाही विचार करावा लागतो. ओल्या वाइप्समधला मिथाइलआयसोथायाझोलिनोन हा परिरक्षक (वस्तू खराब होऊ नये म्हणून घातलेलं रसायन), सुगंधी द्रव्यं, इलॅस्टिकमधली रबराची रसायनं हे नेहमीचे संशयित. खाज बहुधा एक-दोन दिवसांनी उठते, म्हणून कारण चटकन ध्यानात येत नाही. पॅच टेस्टमध्ये संशयित पदार्थांच्या पट्ट्या पाठीवर 48 तास ठेवतात, तेही या उशिरापायीच.

आता स्टेरॉइड. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर 1 टक्का हायड्रोकॉर्टिझोन थोडे दिवस लावल्याने दाह छान उतरतो. पण तीव्र स्टेरॉइडने त्वचा पातळ होते, त्वचा ताणल्यासारखे कायमचे पट्टे उठतात. घडीच्या जागी तर औषध जास्त शोषलं जातं. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती गजकर्णावर स्टेरॉइड लावणाऱ्यांची. गजकर्ण बुरशीमुळे होतो. त्याची कडा उठावदार, खवलेदार असते आणि मधला भाग निवळलेला. स्टेरॉइडने लाली आणि खाज ओसरते, माणूस खूश होतो, बुरशी मात्र पसरत राहते. ओळखीची ती कडाही पुसट होते आणि डॉक्टरांनाही निदान अवघड जातं. ‘सगळ्यांवर चालणारं’ म्हणून मिळणाऱ्या मिश्र मलमांत बऱ्याचदा हेच स्टेरॉइड असतं.

रात्री खाज वाढते आणि घरात इतरांनाही आहे, तर खरूज असू शकते. तेव्हा सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घ्यावे लागतात. पू, ताप, फोड, उघडी जखम दिसली किंवा काळजी घेऊनही दोन आठवड्यांत फरक पडला नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब बरोबर न्या. बुरशीची शंका आली तर चट्ट्याच्या कडेचे थोडे खवले खरवडून ते सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. फारसं दुखत नाही आणि थोड्या वेळात उत्तर मिळतं.