लागू पडलेली जाहिरात आणि शोभणारी जाहिरात

१९८७ च्या अखेरीस आर. जे. रेनॉल्ड्स या अमेरिकन तंबाखू कंपनीनं आपल्या 'कॅमल' सिगारेटसाठी अमेरिकेत एक व्यंगचित्र पुढे आणलं. काळा चष्मा लावलेला, ऐटीत उभा असलेला उंट, नाव जो कॅमल. तिथे टीव्हीवरच्या सिगारेटच्या जाहिराती १९७१ पासूनच बंद होत्या, त्यामुळे हा उंट मासिकांत, मोठमोठ्या फलकांवर, टोप्या आणि टीशर्टांवर दिसायचा. १९९१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन ते सहा वर्षांच्या २२९ मुलांना वेगवेगळी बोधचिन्हं देऊन ती कोणत्या वस्तूची आहेत हे जुळवायला सांगितलं होतं. सहा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ९१ टक्के मुलांनी उंटाची जोडी सिगारेटशी बरोबर लावली. मिकी माउसला ओळखणारी मुलंही जवळपास तेवढीच होती. तीन वर्षांच्या मुलांतसुद्धा दहातल्या तिघांना उंट म्हणजे सिगारेट हे ठाऊक होतं.

आता ही जाहिरात चांगली म्हणायची का? जाहिरातींचं परीक्षण शिकवताना मी पहिल्या तासाला हेच विचारते आणि वर्गात लगेच दोन तट पडतात. एक बाजू म्हणते, इतकी पक्की ओळख निर्माण करणारी जाहिरात उत्तमच. दुसरी म्हणते, लहान मुलांच्या मनात सिगारेट रुजवणारी जाहिरात उत्तम कशी? वाद रंगतो, पण दोन्ही बाजू एका प्रश्नाला उत्तर देतच नसतात. 'चांगली' या एका शब्दाच्या पोटात दोन वेगळे प्रश्न आहेत. जाहिरात परिणामकारक आहे का, हा एक. ती उचित आहे का, हा दुसरा.

औषधाबद्दल आपण हे दोन प्रश्न सहज वेगळे ठेवतो. गुण आला का, हे एक विचारतो आणि प्रकृतीला मानवलं का, हे दुसरं. जाहिरातीबद्दल मात्र दोन्हींची गल्लत होते, आणि त्याचं मुख्य कारण 'प्रेक्षक' या शब्दात आहे. परिणाम पाहताना प्रेक्षक म्हणजे लक्ष्यगट, म्हणजे जाहिरातदाराला ज्यांच्यापर्यंत पोहोचायचं होतं ती माणसं. औचित्य पाहताना प्रेक्षक म्हणजे ज्यांच्या ज्यांच्या नजरेस ती पडली ती सगळी माणसं, बोलावलेली आणि न बोलावलेलीही. आमचा उंट प्रौढांसाठीच आहे, असं कंपनी म्हणत राहिली. क्षणभर ते खरं मानलं तरी फुटपाथवरून आईचं बोट धरून जाणारं मूल फलकाखालून जातंच. १९९७ च्या जुलैत कंपनीला तो उंट मागे घ्यावा लागला.

परिणामकारकतेबद्दल

'आवडली', 'लक्षात राहिली', 'सगळीकडे तिचीच चर्चा आहे' यांतली कोणतीही गोष्ट म्हणजे परिणाम नव्हे. या परिणामाकडे नेणाऱ्या पायऱ्या असू शकतात, पण जिना मध्येच संपूही शकतो. पाळीव प्राण्यांच्या वस्तू ऑनलाइन विकणाऱ्या पेट्स डॉट कॉम या अमेरिकन कंपनीचं मोज्यापासून केलेलं बाहुलं आठवा. २००० च्या जानेवारीत सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या वेळी ते टीव्हीवर झळकलं आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनीनं गाशा गुंडाळला. कंपनी बुडाली ती काही जाहिरातीमुळे नव्हे, माल तोट्यात विकला जात होता आणि जड सामान घरपोच करण्याचा खर्च भागत नव्हता. पण जाहिरातीच्या लोकप्रियतेवरून धंद्याबद्दल काहीच कळत नाही, हे त्या बाहुल्याइतकं स्पष्ट क्वचितच दिसतं. जाहिरात लक्षात राहते आणि वस्तू विसरली जाते, हा तर रोजचा अनुभव आहे. प्रसिद्ध चेहरा घेतला की हा धोका आणखी वाढतो, कारण लोक त्या चेहऱ्याकडे पाहतात आणि हातातली बाटली कोणत्या कंपनीची होती हे त्यांना सांगता येत नाही.

याहून फसवी चूक आकड्यांची असते. जाहिरात आली, विक्री झाली, म्हणजे जाहिरातीमुळे विक्री झाली, असं आपण धरून चालतो. ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या कंपनीतल्या अर्थशास्त्रज्ञांनी हे गृहीत तपासून पाहिलं. कोणी सर्च इंजिनमध्ये 'ईबे' असा शब्द टाकला की निकालांच्या वर कंपनीची पैसे भरलेली जाहिरात दिसायची आणि तिच्याखाली कंपनीचीच फुकटची लिंक. जाहिरातीवर भरपूर क्लिक पडत, त्यांतून खरेदीही होई, म्हणजे कागदावर सगळं छान दिसत होतं. २०१२ मध्ये काही सर्च इंजिनांवर या जाहिराती बंद करून पाहिल्या. येणाऱ्यांच्या संख्येत जवळजवळ काहीच फरक पडला नाही. ज्यांना ईबेवर यायचं होतं, ते खालच्या फुकटच्या लिंकवरून आले. कंपनी आपल्याच दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला आत बोलावण्याचे पैसे मोजत होती.

याच संशोधनातला दुसरा निष्कर्ष मला अधिक मोलाचा वाटतो. ब्रँडच्या नावाव्यतिरिक्त इतर शब्दांवरच्या जाहिराती नव्या आणि क्वचित येणाऱ्या ग्राहकांवर परिणाम करत होत्या. नेहमीच्या ग्राहकांवर मात्र नाही, आणि बहुतेक खर्च याच नेहमीच्या ग्राहकांपोटी होत होता. म्हणजे एकच जाहिरात एका माणसाच्या बाबतीत परिणामकारक आणि शेजारच्याच्या बाबतीत निव्वळ खर्च ठरते. म्हणून 'ही जाहिरात परिणामकारक आहे' हे वाक्य अर्धवट आहे. कोणावर, कोणत्या बाबतीत, आणि जाहिरात नसती तर काय झालं असतं याच्या तुलनेत, हे तिन्ही जोडले की ते पुरं होतं. तिसरा भाग सगळ्यांत अवघड असतो आणि तोच बहुतेक वेळा गाळला जातो.

औचित्याबद्दल, आणि सभ्यतेबद्दलही

औचित्याच्या बाबतीत माझे विद्यार्थी एक गोष्ट हमखास चुकतात. सौम्य, गोड, कोणाला न दुखवणारी जाहिरात उचित आणि अंगावर येणारी अनुचित, असं ते धरून चालतात. या समजुतीवर मी दरवर्षी दोन मोहिमा शेजारी शेजारी ठेवते.

अमेरिकेत फिलिप मॉरिस या तंबाखू कंपनीनं १९९८ च्या अखेरीस मुलांसाठी एक मोहीम सुरू केली. विचार करा, धूम्रपान करू नका, असा तिचा साधा संदेश होता. ना भीती, ना आरडाओरडा. २००० मध्ये 'ट्रूथ' नावाची दुसरी मोहीम देशभर सुरू झाली, तीही किशोरवयीनांसाठी. तिच्या एका जाहिरातीत तरुण मुलं एका तंबाखू कंपनीच्या मुख्यालयासमोर मृतदेह ठेवण्याच्या १२०० पिशव्यांचा ढीग रचतात, कारण तंबाखूमुळे देशात रोज सुमारे तेवढी माणसं मरत होती. पाहणाऱ्याला हे दृश्य सुखावणारं नाही. घरात मुलं टीव्हीसमोर बसलेली असताना हे दाखवावं का, असं कोणी विचारलं तर तो प्रश्न रास्त आहे.

२००२ मध्ये या दोन्हींची तुलना करणारा अभ्यास आला. 'ट्रूथ' पाहिलेल्या मुलांचा तंबाखूविरोधी कल वाढलेला दिसला. कंपनीची सौम्य मोहीम पाहिलेल्या मुलांमध्ये पुढे सिगारेट ओढून पाहण्याची शक्यता मोकळी ठेवणारे जास्त निघाले आणि तंबाखू उद्योगाबद्दलचं मतही थोडं मवाळ झालेलं आढळलं. २००५ च्या अभ्यासानुसार १९९९ ते २००२ या काळात किशोरवयीनांच्या धूम्रपानात जी घट झाली, तिच्यात 'ट्रूथ'चा वाटा सुमारे २२ टक्के होता.

यावरून परिणामाचा निकाल लागतो. औचित्याचं काय? माझं मत स्पष्ट आहे: पिशव्यांची जाहिरात तिच्या प्रेक्षकांसाठी उचित होती. तिनं बारा-सतरा वर्षांच्या मुलांना समजूतदार मानून खरी गोष्ट सांगितली, आणि जे भयंकर आहे ते भयंकर म्हणून दाखवलं. 'धूम्रपान करू नका' असं वरून सांगणारा सूर सभ्य होता, पण त्या वयाच्या मुलांना वडीलधाऱ्यांचा असा सूर कसा लागतो हे ओळखून तो लावलेला नव्हता. त्यातून सांगणारी कंपनी सिगारेट विकणारी. औचित्यात हेही येतं: कोण, कोणाला, कोणत्या नात्यानं बोलतं आहे. सभ्यता शब्दांत दिसते. औचित्य मात्र बोलणारा, ऐकणारा आणि वेळ या तिघांना एकत्र ठेवल्याशिवाय कळत नाही.

तक्रारींच्या संख्येवरूनही औचित्य मोजता येत नाही. ब्रिटनमध्ये जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स ॲथॉरिटीनं जून २०१९ मध्ये स्त्री-पुरुषांच्या घातक साचेबंद प्रतिमांविरुद्धचा नियम लागू केला. ऑगस्टमध्ये त्याखाली पहिल्या दोन जाहिरातींवर बंदी आली. त्यांतली एक फोक्सवॅगनच्या विजेवर चालणाऱ्या गाडीची होती. तिच्यात पुरुष अंतराळात आणि खेळाच्या मैदानावर पराक्रम करताना दिसत होते आणि शेवटी एक स्त्री बाबागाडीशेजारी बाकावर बसलेली दिसत होती. या जाहिरातीविरुद्ध आलेल्या तक्रारी होत्या फक्त तीन. बहुतेकांना त्यात काही खटकलंच नाही, आणि सवयीचं झालेलं न खटकणं हाच तर त्या नियमाचा विषय होता. कोणी ओरडलं नाही म्हणून जाहिरात उचित ठरत नाही, आणि खूप जण ओरडले म्हणून ती अनुचितही ठरत नाही.

लहान मुलांपाशी मात्र फार घोळत बसण्याची गरज नाही. साधारण सात-आठ वर्षांपर्यंतच्या मुलांना, समोरचा आपल्याला काहीतरी घ्यायला लावतो आहे, हेच नीट उमगत नाही. ती जाहिरात माहिती म्हणून ऐकतात. जाहिरात आणि प्रौढ माणूस यांच्यात एक अबोल करार असतो: तू पटवणार, मी तोलून पाहणार. मुलाकडे तराजूच नसतो. स्वीडननं १९९१ पासून बारा वर्षांखालच्या मुलांना उद्देशून केलेल्या टीव्ही जाहिरातींवर बंदी घातली. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतानं तर १९८० पासूनच तेरा वर्षांखालच्या मुलांसाठीच्या व्यापारी जाहिरातींना मनाई केली आहे.

जिथे दोन्ही प्रश्न एकमेकांत अडकतात

लिस्टरिन या गुळण्या करण्याच्या द्रावणाच्या जाहिराती कित्येक दशकं सांगत होत्या की त्यानं सर्दी आणि घशाचा त्रास टळतो. दावा खोटा होता. १९७५ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकेतल्या व्यापारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं जो आदेश दिला तो वेगळा होता. नुसतं थांबा म्हणून भागणार नव्हतं, कारण ती जाहिरात फार चांगली लागू पडली होती आणि बंद केल्यावरही लोकांच्या डोक्यातली समजूत तशीच राहणार होती. म्हणून कंपनीनं स्वतःच्या पुढच्या जाहिरातींत, सुमारे एक कोटी डॉलरचा खर्च होईपर्यंत, लिस्टरिननं सर्दी टळत नाही असं सांगायचं. १९७७ मध्ये न्यायालयानंही हा आदेश मुख्यतः उचलून धरला. खोट्या दाव्याची जाहिरात निष्प्रभ असती तर ती चूक लहान राहिली असती. परिणाम जितका मोठा, तितकी औचित्याची जबाबदारीही वाढते. म्हणून परीक्षण लिहिताना 'प्रभावी, पण जरा अनुचित' असं लिहून गुण वजाबाकीनं देऊ नका. जो कॅमलचं व्यंगचित्र असणं हेच त्याचं बळ होतं आणि हाच त्याचा दोषही.

समोर एखादी जाहिरात असेल आणि तिच्याबद्दल काही लिहायचं असेल, तर एक फरक लक्षात ठेवा. परिणाम तुम्हाला त्या जाहिरातीत दिसणार नाही. तो नंतर आणि बाहेर घडतो, आणि त्याचे आकडे बहुधा जाहिरातदाराच्या कपाटात असतात. त्याबद्दल तुम्ही फक्त अंदाज मांडू शकता, तोही अंदाज म्हणूनच: ही कोणासाठी दिसते, त्यांनी काय करावं असं तिला वाटतं, आणि ते घडायला तिच्यात काय आहे, काय कमी आहे. औचित्य मात्र बऱ्याच अंशी तुमच्या टेबलावरच तपासता येतं, आणि जाहिरात प्रसिद्ध होण्याच्या आधीही. दावा खरा आहे का, जागा आणि वेळ कोणती, आणखी कोणाकोणाच्या नजरेस पडेल, त्यांच्यापैकी कोणाकडे तोलून पाहण्याची ताकद नाही. यातलं शेवटचं मी विद्यार्थ्यांना दोनदा विचारायला लावते, कारण नाजूक अवस्थेतली माणसं दरवेळी लक्ष्यगटाच्या बाहेर असतात असं नाही.

आई गेलेल्या मुलीला मातृदिनाच्या आधी 'आईसाठी फुलं पाठवा' अशी ईमेल येते. जाहिरातदाराच्या यादीप्रमाणे ती अगदी योग्य ग्राहक आहे: गेल्या वर्षी तिनं फुलं घेतली होती. मजकूर सभ्य, दावा खरा, वेळही नेमकी. २०१९ मध्ये ब्लूम अँड वाइल्ड या ब्रिटिश फूलविक्रेत्या कंपनीनं मातृदिनाची मोहीम सुरू करण्याआधी ग्राहकांना विचारलं, या दिवसाच्या ईमेल तुम्हाला नको आहेत का? हजारो जणांनी नको म्हणून कळवलं, आणि त्यांची नावं त्या यादीतून काढली गेली.