गोव्यातल्या माशेलच्या चिखलकाल्याला येताय? आमच्या पाहुण्यांसाठी थोडी माहिती

आषाढ लागला की आमच्याकडे खोल्यांची चौकशी सुरू होते आणि पहिला प्रश्न बहुधा तिकिटाचा असतो. चिखलकाला म्हणजे देवाच्या नावाने चिखलात खेळण्याचा उत्सव; त्याला तिकीट नाही, पास नाही, नावनोंदणीही नाही. देवकीकृष्णाच्या देवळासमोरचं मैदान त्या दिवशी सगळ्यांचं असतं.

उत्सव आषाढ शुद्ध द्वादशीला होतो, म्हणून तारीख दरवर्षी बदलते. २०२५ साली आषाढी एकादशी ६ जुलैला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती २५ जुलैला आली. येण्याचा बेत एकादशीपासूनच धरा, अशी आमची मनापासून विनंती आहे. त्या दिवशी देवळात अखंड भजन सुरू होतं, ते रात्रभर चालून द्वादशीला संपतं आणि मगच मंडळी मैदानात उतरतात. नुसता चिखल बघून परतणाऱ्याला अर्धाच उत्सव मिळतो. रात्री उशिरा, पाऊस कोसळत असताना, सभामंडपात तासभर बसून पाहा. टाळ हाती घेतलेत तरी कुणी परका मानणार नाही.

हा देव मूळचा चोडण बेटावरचा. पोर्तुगीज काळात देवळं मोडली जाऊ लागली, तेव्हा भक्तांनी मूर्ती आधी मयेला नेली आणि तिथून माशेलला आणली. देवकीसोबत बाळकृष्णाची पूजा होणारं देऊळ सहसा कुठे आढळत नाही. आई समोर आहे म्हणूनच इथे मोठी माणसंही मुलांसारखी खेळतात, असं आम्हांला वाटतं.

भजन आटोपलं की अंगाला तेल चोपडून, विठ्ठलाचा गजर करत सगळे बाहेर पडतात. जुलैच्या पावसाने मैदानाचा लाल रबडा झालेला असतो. त्यात चेंडूफळी, आंधळी कोशिंबीर, चक्र असे जुने खेळ रंगतात, लोळण घेतली जाते, एकमेकांना ओढून पाडलं जातं. उतरणारे बहुतेक पुरुष आणि मुलगे असतात. बायका, म्हातारी माणसं आणि लहान मुलं कडेने उभी राहून बघतात. नेमकी वेळ भजनाच्या समाप्तीवर ठरते, तेव्हा सकाळी दहापर्यंत पोचलेलं बरं. अलीकडे पर्यटन खात्यानेही उत्सवाला साथ दिली आहे, त्यामुळे गर्दी वाढली आहे.

मैदानात उतरणार असाल तर जुनी हाफ पँट घाला. अंगठी, साखळी, घड्याळ, चष्मा खोलीवरच ठेवा. चिखलात पडलेली वस्तू सापडत नाही. तेल भरपूर लावा, कान आणि मानसुद्धा सोडू नका, म्हणजे माती लवकर सुटते. अंगावर ताजी जखम असेल तर कडेलाच थांबा. लहान मुलाला उतरवलंत तर त्याचा हात सोडू नका. फोटो जरूर काढा, पण आंघोळीच्या वेळी कॅमेरा खाली ठेवा, आणि देवळाच्या आत फोटो काढण्याआधी विचारा. रंग, गुलाल किंवा दारूच्या बाटल्या घेऊन कुणी येऊ नये. माशेलकरांसाठी ही पूजा आहे, आणि याबाबतीत आम्ही आमच्या पाहुण्यांनाही सूट देत नाही.

पणजीहून जुने गोवे आणि बाणस्तारीचा पूल ओलांडून माशेल साधारण १७-१८ किलोमीटर पडतं. कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, आणि खाजगी बसगाड्या मिळतात. मुंबई-रत्नागिरीकडून रेल्वेने येणाऱ्यांना कोकण रेल्वेचं करमळी स्टेशन जवळचं. द्वादशीला गाडी देवळाजवळ लावण्याचा प्रयत्न करू नका; आमच्या आवारात ठेवा आणि चालत जा. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, कारण छत्रीमुळे मागच्यांना काही दिसत नाही.

एकादशीला आमच्या स्वयंपाकघरात फक्त उपासाचं शिजतं: साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, रताळी. द्वादशीला सकाळी पातळ भाजी, पाव आणि बन्स मिळतील. मागच्या अंगणात नळ आहे, शिवाय चुलीवर पाणी तापवून ठेवतो. आधी तिथे चिखल धुवायचा, मग घरात यायचं. तेलाने माखलेले कपडे वेगळ्या बादलीत टाका. आमचे टॉवेल मात्र आंघोळ झाल्यावरच वापरा. एकादशीच्या रात्री दार उघडंच असतं, भजनाहून कितीही वाजता परतलात तरी चालेल. त्या रात्रीच्या खोल्या सर्वांत आधी भरतात, तेव्हा किती जण येणार आणि त्यांपैकी किती जण चिखलात उतरणार, हे आधीच कळवा, म्हणजे पाणी तेवढं तापवता येईल.