लष्करी विमानांचे जतन

सेवेतून काढलेली लष्करी विमाने, त्यांची इंजिने, शस्त्रे व उपकरणे संग्रहालयात किंवा उघड्या चौथऱ्यावर राखून ठेवण्याची प्रथा. भारतीय वायुसेनेचे मुख्य संग्रहालय दिल्लीला पालम येथे आहे (स्थापना १९६७). वापिटी, स्पिटफायर, लिबरेटर, नॅट व मारुत ही तेथील ठळक विमाने. नागपूरचा संबंध संग्रहापेक्षा निगराणीशी अधिक आहे. वायुसेनेचे दुरुस्ती तळ ज्या अनुरक्षण कमांडखाली येतात, तिचे मुख्यालय शहरातील वायुसेनानगरात आहे. नाशिकजवळच्या ओझरचा तळही तिच्याच अखत्यारीत येतो.

ओळखीचा प्रश्न : जतन केलेले विमान नेमके कोणते, हे ठरवणे वाटते तितके सोपे नाही. शेपटीवरचा क्रमांक प्रमाण मानणारा एक पक्ष आहे, तर सांगाड्यावरील निर्मितीपट्टी व दुरुस्तीची कागदपत्रे पाहणारा दुसरा. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण रंग कधीही बदलता येतो. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला सैनिक उतरवणाऱ्या पहिल्या डाकोटा या वाहतूक विमानाचा क्रमांक व्हीपी ९०५ होता. २०१८ मध्ये वायुसेनेत दाखल झालेल्या ‘परशुराम’ या डाकोटावर स्मृती म्हणून तोच क्रमांक रंगवला आहे. विमान मात्र निराळे. लिबरेटरचा गुंता याहून मोठा आहे. महायुद्धानंतर ही बाँबफेकी विमाने कानपूरला निकामी करून टाकून देण्यात आली होती. ती कशी निकामी केली याबद्दल कथने जुळत नाहीत. इंजिनांत वाळू ओतल्याचेही सांगतात. हिंदुस्तान एअरक्राफ्टने १९४८ च्या सुमारास त्यांतली काही पुन्हा उडती केली. त्यांची संख्या साधारण चाळीसच्या आसपास धरतात. ती १९६८ मध्ये निवृत्त झाली आणि काही परदेशी संग्रहालयांत गेली. अशा जुळवलेल्या विमानांचे ‘मूळ’ भाग शोधताना सावधगिरी बाळगावी.

झीज : व्हॅम्पायर या जुन्या जेट लढाऊ विमानाच्या धडात प्लायवुड व बाल्सा लाकूड आहे, त्यामुळे ओलाव्याने ते फुगते. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. अशा ठिकाणी उघड्यावरच्या विमानाचे रबर तडकते आणि वैमानिककक्षावरचे पारदर्शक छत धुरकट होते. प्रक्षेपणासनातील (संकटात वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनातील) स्फोटके आधी काढावी लागतात. जुन्या उपकरणांच्या तबकड्यांवरील किरणोत्सारी रेडियमयुक्त रंगाचाही धोका असतो.

नागपूरमध्ये : १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रासची टपाल विमाने मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर जमत आणि टपालाची देवाणघेवाण करून परतत. त्यात सुरुवातीला मुख्यतः डाकोटा होती. याच विमानतळावर १९९१ पासून दोन दशकांहून अधिक काळ पडून राहिलेले बोइंग ७२० हे नागरी विमान होते. त्याला जतन म्हणता येत नाही.

मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाल्याने ही विमाने चौथऱ्यांवर वाढण्याचा संभव आहे. त्यांपैकी बरीच ओझरला बांधलेली, तर काही सोव्हिएत संघातून आलेली आहेत. फलकावर बांधणीचे ठिकाण नोंदवणे इष्ट.