हृदयविकासातील पेशीसंदेश

गर्भात हृदय घडत असताना कोणत्या पेशीने स्नायू व्हायचे, कोणी झडप बांधायची, नळीने कोणत्या बाजूला वळायचे हे शेजारच्या पेशींकडून येणाऱ्या रासायनिक संदेशांवरून ठरते. संदेश सुटण्यापासून तो पोचून पेशीतली जनुके चालू किंवा बंद होईपर्यंतच्या साखळीला संदेशमार्ग म्हणतात. हृदयाच्या बाबतीत बीएमपी, विंट, एफजीएफ, नोडल, नॉच, न्यूरेग्युलिन आणि रेटिनॉइक आम्ल हे मार्ग प्रमुख आहेत.

यांतला एकही मार्ग केवळ हृदयासाठी राखीव नाही. बीएमपी प्रथिने मुळात हाडांच्या अभ्यासातून सापडली. नॉच मेंदूच्या घडणीतही लागते. एकच संदेश कोणत्या पेशीला, किती प्रमाणात आणि कोणत्या वेळी मिळतो यावर त्याचा परिणाम ठरतो. ‘हृदयाचे जनुक’ असा शब्दप्रयोग वाचायला सोपा असला, तरी त्यातून ही वेळेची बाजू सुटते आणि नेमकी तीच सर्वांत महत्त्वाची आहे.

मानवी गर्भाचे हृदय फलनानंतर २२–२३ व्या दिवसाच्या सुमारास धडधडू लागते. डॉक्टर गर्भारपण शेवटच्या पाळीपासून मोजतात. त्या हिशेबाने तेव्हा पाचवा आठवडा नुकताच संपलेला असतो. या वेळी हृदय म्हणजे एक साधी नळी असते. कप्पे आणि झडपा नंतर येतात. कोंबडीचे अंडे तिसऱ्या दिवशी उघडले तर बलकावर धडधडणारा लाल ठिपका साध्या डोळ्यांनी दिसतो. अ‍ॅरिस्टॉटलने त्याचे वर्णन करून ठेवले आहे, आणि आजच्या ज्ञानाचा मोठा भाग त्याच अंड्यावरच्या प्रयोगांतून आला आहे.

हृदयपेशींची निवड

गर्भाचे तीन थर तयार झाल्यावर मधल्या थरातल्या, डोक्याकडच्या बाजूच्या काही पेशी चंद्रकोरीच्या आकारात जमतात. यांतूनच हृदय होते. त्यांना लागून असलेल्या आतल्या थरातून बीएमपी आणि एफजीएफ हे संदेश येतात. बीएमपी पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीला (संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटले की आतल्या स्मॅड प्रथिनांवर फॉस्फेट चढतो. ती केंद्रकात शिरतात आणि एनकेएक्स२-५, गाटा४ यांसारखी जनुके चालू होतात. फळमाशीत एनकेएक्स२-५ शी नाते सांगणारे टिनमॅन हे जनुक आहे. ते बिघडलेल्या माशीत हृदय तयारच होत नाही, हे १९९३ मध्ये दाखवले गेले. माणसात एनकेएक्स२-५ ची एक प्रत बिघडली तर अलिंदांमधल्या, म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र राहते आणि हृदयातल्या विद्युतवहनातही अडथळा येतो.

१९९७ मध्ये कोंबडीच्या गर्भात एक प्रयोग झाला. पुढच्या भागातल्या, पण सहसा हृदय न होणाऱ्या पेशींना बीएमपी दिले, तर त्यांनी हृदयस्नायूची वाट धरली. मागच्या भागातल्या पेशींना तेच बीएमपी देऊन काही झाले नाही. मग मागे काय आडवे येत होते? उत्तर २००१ मध्ये मिळाले : विंट. मागच्या भागात विंटचा जोर असतो आणि तिथल्या पेशी रक्तपेशींकडे झुकतात. पुढच्या भागात मात्र क्रेसेंट आणि डीकेके१ ही प्रथिने विंटला अडवून धरतात. संशोधकांनी हीच विंटरोधक प्रथिने मागच्या पेशींना पुरवली, तेव्हा रक्त होऊ घातलेल्या त्या पेशींतून आकुंचन पावणारा हृदयस्नायू तयार झाला. उलट पुढच्या पेशींवर विंट लादले, तर हृदय दबले आणि रक्तपेशींची चिन्हे उमटली.

म्हणून विंट हृदयाचा शत्रू असे मात्र नाही. त्याआधी मधला थर मुळात तयार व्हायला विंट लागतेच. आधी चालू, मग बंद, असा त्याचा क्रम आहे. मूलपेशींपासून हृदयपेशी बनवण्याची २०१२ मध्ये मांडलेली पद्धत याच क्रमावर उभी आहे : सुरुवातीला विंटचा मार्ग रसायनाने चालू करायचा आणि काही दिवसांनी दुसऱ्या रसायनाने तो बंद करायचा. थोड्याच दिवसांत बशीतल्या पेशी स्वतःहून धडधडू लागतात. आज औषधांचा हृदयावरचा दुष्परिणाम तपासायला अशा पेशी वापरल्या जातात. त्या प्रौढ हृदयाच्या नव्हे, गर्भावस्थेतल्या पेशींसारख्या असतात, ही त्यांची मोठी मर्यादा.

नळीचे वळण

सरळ नळी उजवीकडे वळते, तेव्हा डावे-उजवे ठरवणारा संदेश नोडल असतो. उंदराच्या गर्भात मध्यरेषेवरच्या एका खळग्यातल्या पेशींवरचे सूक्ष्म केसांसारखे तंतू, म्हणजे पक्ष्माभिका, गोल फिरतात आणि द्रव डावीकडे ढकलतात. जपानी संशोधकांनी १९९८ मध्ये हे दाखवले. त्या प्रवाहामुळे नोडल फक्त डाव्या बाजूला टिकते आणि पिटएक्स२ हे जनुक चालू करते. पुढे २००२ मध्ये गर्भावरून कृत्रिम प्रवाह उलट दिशेने सोडल्यावर डावे-उजवेही उलटले. द्रवाच्या प्रवाहासारखी निव्वळ भौतिक गोष्ट अवयवाची जागा ठरवते, हा जीवशास्त्रातला माझ्या मते फार सुंदर शोध आहे.

पक्ष्माभिका जन्मतः निकामी असलेल्या सुमारे निम्म्या लोकांत सगळेच अवयव आरशातल्या प्रतिमेसारखे उलटे असतात. संपूर्ण उलटे असलेले हृदय बहुधा नीट चालते. अर्धवट गोंधळ झाला, म्हणजे काही भाग सुलट आणि काही उलट राहिला, तर रक्तवाहिन्यांची जोडणी चुकते आणि ते गंभीर ठरते.

भिंती, झडपा आणि मोठ्या वाहिन्या

निलयाची, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्याची भिंत आतून गुळगुळीत नसते. तिच्यात स्नायूंच्या जाळीदार पट्ट्या असतात. हृदयाचे आतले अस्तर न्यूरेग्युलिन सोडते आणि स्नायूपेशी ते ईआरबीबी२ व ईआरबीबी४ या ग्राहींवर घेतात. या तिन्हींपैकी कोणतेही एक नसलेल्या उंदरांत या पट्ट्या बनत नाहीत आणि गर्भ पोटातच दगावतो, हे १९९५ मध्ये कळले. ईआरबीबी२ चेच दुसरे नाव एचईआर२. स्तनाच्या काही कर्करोगांत ट्रास्टुझुमॅब हे औषध त्यालाच अडवते. प्रौढ हृदयालाही या ग्राहीची गरज असते, म्हणून हे औषध चालू असताना ठरावीक काळाने टूडी एको करायला सांगतात.

झडपा अलिंद आणि निलय यांच्या मधल्या भागात सुरू होतात. तिथल्या स्नायूकडून बीएमपी येते, अस्तरपेशींत नॉच सक्रिय होते, आणि काही अस्तरपेशी एकमेकींची पकड सोडून खालच्या जेलीसारख्या थरात सरकतात. त्यातून झडपेची उशी भरते. नॉचचा संदेश दूरवर जात नाही; देणारी आणि घेणारी पेशी चिकटलेल्या असाव्या लागतात. नॉच१ मधला बिघाड आणि तीनऐवजी दोन पाकळ्यांची महाधमनी झडप यांचा संबंध २००५ मध्ये काही कुटुंबांत सिद्ध झाला.

नळीच्या टोकाला नंतर येऊन मिळणाऱ्या पेशींचा वेगळा साठा असतो; त्याला दुसरे हृदयक्षेत्र म्हणतात. उजवा निलय आणि बाहेर जाणारा मार्ग बव्हंशी त्यातून होतो. शिवाय मेंदू व मज्जारज्जू घडवणाऱ्या मज्जानलिकेच्या कडेकडून न्यूरल क्रेस्ट पेशी चालत येतात आणि महाधमनी व फुप्फुस धमनी वेगळ्या करतात. कोंबडीत या पेशी काढून टाकल्या की दोन्हींऐवजी एकच वाहिनी राहते, हे १९८३ मध्ये दिसले. माणसात २२ व्या गुणसूत्राचा लहान तुकडा गळाला आणि त्यासोबत टीबीएक्स१ जनुकाची एक प्रत गेली, तर असेच दोष दिसतात. मात्र एकाच घरात, तोच तुकडा गळालेल्या दोघांपैकी एकाचे हृदय सदोष आणि दुसऱ्याचे निर्दोष असू शकते.

बाहेरचे घटक

जन्मजात हृदयदोष दर हजार जन्मांत साधारण ८ ते ९ बाळांत आढळतात. बहुतेकांत एकच असे कारण सापडत नाही आणि ‘गरोदरपणात आईनेच काहीतरी केले असेल’ हा घरोघरी ऐकू येणारा ठपका निराधार व क्रूर आहे. काही कारणे मात्र पक्की ठाऊक आहेत. आईचा गर्भधारणेपूर्वीपासूनचा अनियंत्रित मधुमेह हे त्यांतले एक. दुसरे रेटिनॉइक आम्लाशी निगडित आहे. अ जीवनसत्त्वापासून बनणारा हा लहान रेणू थेट केंद्रकात जातो आणि नळीचा मागचा भाग अलिंदांसाठी नेमून देतो. त्याचे प्रमाण कमी होऊन चालत नाही आणि वाढूनही चालत नाही. मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइन गोळ्या याच मार्गात ढवळाढवळ करतात. पाळी चुकल्याचे लक्षात येते तोवर हृदयाची नळी तयार होत आलेली असते. त्यामुळे गर्भ राहिल्यावर गोळी थांबवणे पुरत नाही. गर्भधारणेच्या किमान एक महिना आधी ती बंद झालेली असावी लागते.