मुंबई कमिटी, गाव कमिटी आणि मधली शाळा

कोकणातल्या एखाद्या माध्यमिक शाळेचा वाद वर्तमानपत्रात येतो तेव्हा तो बहुधा शेवटच्या टप्प्यावर पोचलेला असतो. दोन गट, दोन अध्यक्ष, दोघांनी आपापले सचिव नेमलेले, दोघांचीही पत्रं शिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर. मुख्याध्यापकपदाचा कार्यभार कुणाकडे हे ठरत नाही, म्हणून शाळेची कामं अडलेली. बातमीत नावं येतात, आरोप येतात. वाद इथवर कसा आला ते येत नाही. 'गावचं राजकारण' म्हणून तो सोडून देणं हा शाळेवरचा अन्याय आहे. या भांडणांत माणसांच्या स्वभावाचा वाटा आहेच, पण त्याहून मोठा वाटा या संस्था ज्या रीतीने उभ्या राहिल्या तिचा आहे. पैसा मुंबईत, शाळा गावात, कागद तिसऱ्याच ठिकाणी, आणि या तिघांत नियमाने बोलणं व्हावं अशी सोय कुणी केलीच नाही.

शाळेच्या कारभारावरून तंटे ही इथली जुनी गोष्ट आहे. 1884 च्या लोकल बोर्ड कायद्यानंतर रस्ते, विहिरी, दवाखान्यांबरोबर प्राथमिक शाळांचा खर्चही बोर्डांकडे आला, आणि बोर्डावर कोण बसणार हा प्रश्न लगेच जातीशी जाऊन भिडला. दापोलीत 1890 च्या दशकात महार पेन्शनरांनी आपल्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत घ्यावं म्हणून अर्ज केले. मुलांना बसवलं ते व्हरांड्यात. या मागणीत पुढे असलेले गोपाळबाबा वलंगकर, महाडजवळच्या रावढळचे, लष्करातून निवृत्त झालेले. 1895 मध्ये महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली तेव्हा वरच्या जातींतले सभासद नाराज झाले आणि वर्तमानपत्रांतून त्याची चर्चा झाली. शेजारी कोण बसतो यावरून बोलणं बंद करणारे सभासद कोकणाने तेव्हापासून पाहिले आहेत.

1923 च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने जिल्हा लोकल बोर्डांना आणि नगरपालिकांना 'स्कूल बोर्ड' मिळालं. मास्तरांच्या नेमणुका आणि बदल्यांत सभासद ढवळाढवळ करतात ही तक्रार त्याच काळातली. 1938 ची दुरुस्ती, 1947 चा नवा कायदा अशी वळणं घेत सरकारने नियंत्रण हळूहळू आपल्याकडे ओढलं. 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्या शिक्षण समितीखाली गेल्या. त्या शाळांचे प्रश्न आहेत, पण ते वेगळे. भांडणाचं खरं घर माध्यमिक शाळांत आहे, कारण त्या सरकारने काढल्या नाहीत. त्या चाकरमान्यांनी काढल्या.

गावाबाहेर कमावणाऱ्यांनी गावासाठी पैसा जमवायचा, ही कल्पना धोंडो केशव कर्व्यांच्या 'मुरुड फंडा'इतकी जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दापोलीजवळच्या मुरुडचे जे लोक नोकरीनिमित्त बाहेर होते, त्यांनी आपल्या मिळकतीतला थोडा भाग गावच्या कामासाठी काढायचा, असा तो फंड. आणि याच कर्व्यांनी 1893 मध्ये विधवेशी विवाह केला तेव्हा मुरुडने त्यांच्यावर बहिष्कार घातला. गावाला बाहेरच्याचा पैसा हवा असतो, त्याची मतं नको असतात. आणि बाहेरच्याला वाटतं, पैसा दिला तर मताला मान मिळालाच पाहिजे. ही ओढाताण पुढे प्रत्येक शाळेच्या वाट्याला आली.

स्वातंत्र्याच्या आगेमागे आणि नंतरच्या दोन-तीन दशकांत रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडात, गावोगाव हायस्कुलं निघाली. रत्नागिरी तेव्हा मनीऑर्डरवर चालणारा जिल्हा म्हणून ओळखला जायचा. गिरणीत, गोदीत, छापखान्यात, पेढीवर काम करणारी माणसं रविवारी लालबाग-परळ-गिरगावातल्या एखाद्या खोलीत जमायची. 'अमुक पंचक्रोशी शिक्षण प्रसारक मंडळ, मुंबई' असं नाव ठरायचं. पावतीपुस्तक घेऊन चाळी पालथ्या घातल्या जायच्या, परळच्या दामोदर हॉलमध्ये मदतीचा नाट्यप्रयोग लागायचा. गावात कुणी जांभा दिला, कुणी जमीन, बाकीच्यांनी श्रमदान. सातवीनंतर मुलांना पुढे शिकायचं तर मुंबई गाठावी लागे, मुलींचं तर तिथेच संपे. ज्या माणसांनी स्वतः चौथीपुढे शाळा पाहिली नव्हती त्यांनी हायस्कूल उभं केलं, हे कोकणाच्या इतिहासातलं फार मोठं काम आहे. ते मनात ठेवूनच पुढचं वाचावं.

कारण अडचण संस्थेच्या घटनेतच, म्हणजे तिच्या नियमांतच होती. संस्थेची नोंदणी मुंबईत, कार्यकारी मंडळ मुंबईत, वार्षिक सभा मुंबईत. गावासाठी एक 'स्थानिक कमिटी', जिला घटनेत बहुधा अधिकार नसत. असले तर 'मंडळ वेळोवेळी सोपवील ती कामे' एवढेच. कौलं शाकारणं, मास्तरांची राहायची सोय, पंधरा ऑगस्टची तयारी स्थानिकांनी करायची. शिक्षक कोण घ्यायचा, तुकडी वाढवायची का, जमीन घ्यायची का, हे रविवारच्या सभेत ठरायचं आणि गावाला पत्राने कळायचं. आगबोटीच्या काळात पावसाळ्यात वाहतूक बंद पडे, पत्र रेंगाळे. उत्तर जाईपर्यंत निर्णय अमलात आलेला असे. 'मुंबयकार ठरवतले, आनि आमी काय सतरंजेच घालूचे?' या धर्तीचं बोलणं तळकोकणात कुठल्याही जुन्या शाळेच्या संदर्भात ऐकू येतं. मुंबईचं म्हणणंही खोटं नव्हतं: पैसे आम्ही जमवायचे आणि हिशेब मागितला की गावात राग. प्रत्यक्ष भेट व्हायची ती मे महिन्यात आणि गणपतीत. वर्षभराचं साचलेलं दोन-चार दिवसांत निघायचं, तेही देवळातला मान, वाडीवाडीतलं वाकडं आणि भाऊबंदकीचे जमिनीचे दावे यांची सरमिसळ होऊन. कुळकायदा आणि 1949 चा खोती निर्मूलन कायदा यांनी गावातल्या जुन्या अधिकाराची उतरंड हलवली होती. जुन्या मानकऱ्याला आणि नव्या शिकलेल्याला एकाच टेबलाशी बसवणारी गावातली पहिली जागा अनेकदा शाळेची कमिटीच असायची.

तरीही पहिल्या पिढीचे वाद मिटत, कारण सगळ्यांना शाळा जगवायची होती आणि पैसा कायम कमी पडत होता. चित्र बदललं ते शिक्षकांच्या पगाराचं अनुदान शासनाकडून नियमित येऊ लागल्यावर. ही शिक्षकांसाठी न्यायाची गोष्ट होती. त्याआधी सही केलेल्या रकमेपेक्षा कमी पगार हातात पडणं सर्रास होतं. पण त्यामुळे मुंबई कमिटीचं मूळ काम, म्हणजे पैसा उभा करणं, बरंचसं संपलं. हातात उरल्या दोन गोष्टी: नेमणूक आणि सही. पगार सरकारी, नेमणूक संस्थेची, अशी ही रचना. मुलाला चिकटवायला शिक्षकाची किंवा शिपायाची जागा म्हणजे घराचा जन्माचा प्रश्न सुटणं, आणि ती जागा कुणाच्या हातात हे महत्त्वाचं झालं. 'देणगी' हा शब्द पूर्वी चाळीतल्या पावतीपुस्तकासाठी होता. तो नोकरीसाठी मोजलेल्या रकमेला लागू झाला तेव्हापासून सभासदांमधला विश्वास गेला, असं मला वाटतं. कुणी किती घेतले हे इतिवृत्तात येत नाही, म्हणून संशय सगळ्यांवरच राहतो.

कायद्याने बोलण्याची एक जागा करून ठेवली आहे, हे फार थोड्यांना आठवतं. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा 1977 चा, नियमावली 1981 ची. तिच्यात शाळा समिती सांगितली आहे: व्यवस्थापनाचे चार प्रतिनिधी, सेवाज्येष्ठतेने पाळीपाळीने एक कायम शिक्षक, आणि मुख्याध्यापक पदसिद्ध सचिव. मुंबई, गाव आणि शिक्षक समोरासमोर बसू शकतील अशी ही एकमेव जागा. बऱ्याच ठिकाणी ती कागदावर भरते. इतिवृत्त लिहून सह्यांसाठी घरोघरी फिरवलं जातं. न झालेल्या सभेचं इतिवृत्त पुढे कोर्टात पुरावा म्हणून उभं राहतं, आणि त्यावर सही करणारा 'मी तेव्हा विचारलंच नाही' म्हणतो.

दुसरा कागद धर्मादाय आयुक्तांकडचा. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखालची संस्था 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदली जाते. कार्यकारी मंडळ बदललं की कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत बदल अर्ज द्यायचा. तो मंजूर झाला की परिशिष्ट 1 वर, म्हणजे विश्वस्तांच्या अधिकृत नोंदीत, नवी नावं चढतात. दोन गटांनी दोन सभा घेतल्या, दोन अर्ज दिले, की सुनावणी सुरू आणि परिशिष्टावर जुनीच नावं. त्यातली काही माणसं हयातही नसतात. संस्था मुंबईची असेल तर तारखा वरळीच्या कार्यालयात, शिक्षणाधिकारी रत्नागिरीला किंवा सिंधुदुर्गात ओरोसला, शिक्षण उपसंचालक कोल्हापूरला. शिक्षकाच्या वैयक्तिक मान्यतेचा, म्हणजे त्याच्या नेमणुकीला शिक्षण खात्याने द्यायच्या मंजुरीचा, एक प्रस्ताव यातल्या कुठल्याही टप्प्यावर 'व्यवस्थापनाचा वाद' या शेऱ्यासह थांबतो. ज्याचा वादाशी काही संबंध नाही असा तरुण शिक्षक वर्षानुवर्षं बिनपगारी शिकवत राहतो. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त टोचतं ते हे.

सुनावणीत प्रश्न बहुतेकदा एकच असतो: सभेची नोटीस पोचली का? पूर्वी यूपीसीने, म्हणजे टपाल प्रमाणपत्राखाली, पत्रं टाकत. पोस्टाचा शिक्का मिळे, पण पत्र पोचल्याची पावती नसे. विरोधी गटाला नोटीस 'पाठवली' असं दाखवण्याची ही वाट इतकी रुळली होती की न्यायालयं नुसत्या यूपीसीवर भरवसा ठेवायला तयार नसत. 2011 मध्ये टपाल खात्याने ती सोय बंद केली. आता कमिटीचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो. त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा पडतात, अजेंडा पडतो, आणि घटनेत 'लेखी नोटीस' लिहिलेलं असल्याने तो ग्राह्य की नाही यावरून नवा वाद. 26 जानेवारी 1998 पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावते आहे, मुंबईहून रात्री निघालेला माणूस सकाळी गावात पोचतो. अंतर उरलं नाही, सभा मात्र अजून मुंबईतच भरते.

गेल्या पंचवीस वर्षांत जमीनच सरकली आहे. 2001 पासून नव्या शाळांना कायम विनाअनुदान तत्त्वावर, म्हणजे सरकारी अनुदान कधीच मिळणार नाही या अटीवर परवानगी, 2009 मध्ये त्यातला 'कायम' वगळला, मग अनुदानाचे वीस टक्क्यांचे टप्पे. 2017 पासून शिक्षकभरतीसाठी पवित्र पोर्टल आलं आणि नेमणुकीवरची संस्थेची पकड सैल झाली. त्याच वेळी गावं रिकामी झाली. वर्गात मुलं नाहीत म्हणून संचमान्यतेत, म्हणजे पटसंख्येवरून शिक्षकांची पदं ठरवताना, पदं उडतात, अतिरिक्त कोण ठरणार यावरून ज्येष्ठता यादीचे वाद. लालबागची खोली जाऊन सभासदांची नातवंडं डोंबिवली-विरारला गेली. आजोबा आजीव सभासद होते, पण सभासदत्व वारसाने येत नाही. अनेक संस्थांची वैध सभासद यादी दहा-वीस नावांवर आली आहे आणि गावात राहणाऱ्यांची नावं तिच्यात मोजकी आहेत. इमारतीखालच्या जमिनीचा भाव मात्र महामार्गामुळे आणि पर्यटनामुळे चढला. नवे सभासद करायचे की नाहीत, केले तर कुणाचे, हा आजच्या बहुतेक वादांचा गाभा आहे.

पालक या साऱ्यात कुठे आहेत? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी शाळा व्यवस्थापन समिती आणली: तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला. जिल्हा परिषदेच्या शाळांत तिला काही अधिकार आहेत. अनुदानित खासगी शाळांत मात्र 2012 च्या दुरुस्तीने तिचं काम फक्त सल्ल्यापुरतं ठेवलं. पाचवी ते दहावीच्या शाळेत मुख्याध्यापक दोन समित्यांचा सचिव असतो. एका समितीत ज्यांची मुलं शाळेत आहेत ते बसतात आणि सल्ला देतात. दुसरीत निर्णय होतात, आणि तिथल्या बहुतेकांची मुलं या शाळेत शिकत नाहीत. दोन्ही समित्यांची एकत्र सभा घ्यायला कुठलाही नियम आडवा येत नाही, आणि ती बोलवायला संस्थेच्या घटनेत बदलही करावा लागत नाही.