गोव्यात घराला काचेची खोली जोडायची आहे? आधी उतारा काढा

काचेची खोली हलकी, त्यामुळे तिला परवाना लागत नाही, हा समज आधी सोडा. घराच्या जोत्याबाहेर छप्पर घालून बंदिस्त केलेली जागा चिऱ्यांची असो वा ॲल्युमिनियम-काचेची, ती बांधकामच ठरते. जुना बलकांव (घरापुढची बसायची ओसरी) काचेने बंद करायचा असला तरी आधी लेखी विचारून घ्या.

सुरुवात एक-चौदाच्या उताऱ्यापासून, म्हणजे जमीन कोणाच्या नावावर आहे ते दाखवणाऱ्या नोंदीपासून करा. ‘गोवा ऑनलाईन’ पोर्टलवर तो मिळतो. खरी अडचण इथेच असते. वडिलोपार्जित घराच्या उताऱ्यावर अनेकदा आजोबांचे आणि त्यांच्या भावांचे नाव असते आणि त्यांचे वारस मुंबईपासून पोर्तुगालपर्यंत विखुरलेले असतात. सहमालकांचा ना हरकत दाखला त्यामुळेच महत्त्वाचा. शिवाय गोव्याच्या नागरी कायद्यात लग्नाआधीची आणि नंतरचीही संपत्ती साधारणपणे पती-पत्नीची सामाईक मानतात, म्हणून दोघांच्याही सह्या घ्या. नावे जुनी असतील तर वारसा दस्त किंवा इन्व्हेंटरी (न्यायालयातून वारसांत वाटणी) करून मामलेदार कार्यालयात म्युटेशन, म्हणजे उताऱ्यावरील नावांचा फेरफार, करून घ्या. याला वेळ लागतो. पण हा टप्पा टाळून फॅब्रिकेटरला आगाऊ पैसे देऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मुंडकारी घरात, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवरच्या घरात, राहत असाल तर जागेच्या खरेदीची प्रक्रिया पूर्ण झाल्यावरच विस्ताराचा विचार करा.

दुसरा प्रश्न, मूळ घर कायदेशीर आहे का? घरपट्टीची पावती म्हणजे बांधकाम परवाना नव्हे. सर्वेक्षण नकाशावर घर दिसते का, जुना परवाना आणि भोगवटा दाखला आहे का, ते पाहा. जमीन बिगरशेती नसेल तर 1968 च्या जमीन महसूल संहितेच्या कलम 32 खाली जमिनीचा वापर बदलण्याची सनद लागते. घर समुद्राच्या भरतीरेषेपासून 500 मीटरच्या आत असेल तर किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची परवानगी वेगळी. खाडी-नदीकाठच्या घरांनीही हे तपासावे.

मग नोंदणीकृत आर्किटेक्ट किंवा अभियंत्याकडून नकाशे करून घ्या. हद्दीपासून सोडायचे अंतर, व्याप्ती (भूखंडाचा किती भाग व्यापला) आणि एफएआर (भूखंडाच्या तुलनेत एकूण बांधकाम) 2010 च्या बांधकाम नियमांत बसले पाहिजेत. जुने घर आधीच कुंपणाला टेकलेले असेल तर काचेची खोलीही तिथे बसत नाही. खेड्यात नगर नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी, नियोजन व विकास प्राधिकरणाच्या हद्दीत त्या प्राधिकरणाची परवानगी, आणि नंतर पंचायत किंवा पालिकेचा बांधकाम परवाना, असा क्रम. संरचना स्थैर्याचा दाखलाही जोडा. पंचायतीने 30 दिवसांत उत्तर दिले नाही तर पंचायत उपसंचालकांकडे दाद मागता येते.

नकाशा पक्का होण्याआधी दिशा ठरवा. नैऋत्येचा पाऊस थेट काचेवर आपटतो आणि एप्रिल-मेमध्ये दुपारचे ऊन खोली तापवते. शक्य असेल तर उत्तरेची बाजू निवडा आणि वर वारा जायला जागा ठेवा.

काम मंजूर नकाशाप्रमाणेच करा. ते पूर्ण झाल्यावर पूर्णत्वाचा दाखला घ्या, मग वाढीव भागासाठी भोगवटा दाखला मागा आणि घरपट्टीत तो भाग नोंदवा.